न विचारता केलेलं काम, फुगलेलं बिल: गाडीच्या सर्व्हिस सेंटरशी वाद कसा लढवायचा

गाडी सर्व्हिसिंगला टाकताना सात हजारांचा अंदाज सांगितला जातो आणि संध्याकाळी काउंटरवर सतरा हजारांचं बिल पुढे येतं. मधलं काम कुणाला विचारून केलं, असं विचारलं की उत्तर मिळतं, "फोनवर बोललो होतो ना सर." मागे रांग असते, वर्कशॉप बंद व्हायची वेळ झालेली असते, गाडीशिवाय घरी जाणं अवघड असतं. बहुतेक जण कुरकुरत कार्ड पुढे करतात आणि पुढच्या वेळी बाहेरच्या मेकॅनिककडे जायचं ठरवून विषय सोडून देतात.

हे पैसे सोडू नयेत असं मला मनापासून वाटतं. शिवाय यात फार मोठी कायदेशीर लढाई लागते असंही नाही. अशा वादाचा निकाल मुख्यतः दोन ठिकाणी ठरतो: गाडी देताना जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉप कामं आणि अंदाजे खर्च लिहून घेतं त्या कागदावर, आणि गाडी घेताना गेट पास, म्हणजे गाडी बाहेर नेण्याची चिठ्ठी, हातात पडण्याआधीच्या अर्ध्या तासात. तिथे तुमच्या बाजूने चार ओळी लिहिलेल्या असतील तर पुढचं सगळं सोपं जातं. म्हणून त्या दोन जागांवर इथे जास्त वेळ घालवतो.

जॉब कार्ड हाच तुमचा करार

आपल्याकडे गाडीदुरुस्तीसाठी वेगळा कायदा नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात तो आहे. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींना हे ठाऊक असेल की लेखी एस्टिमेट आणि ग्राहकाची परवानगी यांशिवाय गॅरेजला काम सुरू करता येत नाही आणि एस्टिमेटच्या वर पैसे लावायचे तर आधी पुन्हा संमती घ्यावी लागते. आपल्याला हेच संरक्षण भारतीय करार कायदा, १८७२ आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यांतून उभं करावं लागतं. त्या दोन्हींचा पाया म्हणजे तुमच्यात आणि वर्कशॉपमध्ये नेमकं काय ठरलं होतं हा प्रश्न, आणि त्याचं उत्तर जॉब कार्डवर असतं.

आदल्या रात्री गाडीचं ओनर्स मॅन्युअल काढा आणि देखभालीचा तक्ता बघा. तुमच्या किलोमीटरला काय बदलायचं आणि काय फक्त तपासायचं हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेक ऑइल, कूलंट यांची वेळ तिथे सापडेल. इंजिन फ्लशिंग, इंजेक्टर क्लीनिंग, एसी ट्रीटमेंट, अंडरबॉडी कोटिंग ही नावं बहुतेक तक्त्यांत सापडणार नाहीत. ती सगळीच निरुपयोगी असतात असं नाही. पण ती ऐच्छिक आहेत, आणि अनेक ठिकाणी सर्व्हिस ॲडव्हायझरला महिन्याचं टार्गेट असतं ते याच कामांचं. समोरचा मुलगा तुमचा शत्रू नाही, त्याच्या डोक्यावर आकडा आहे. हे लक्षात ठेवलं की त्याच्याशी आवाज न चढवता बोलता येतं.

"फ्री सर्व्हिस" या शब्दानेही अनेकांची गल्लत होते. त्यात मजुरी माफ असते, ऑइल-फिल्टरचे पैसे लागतात. तेवढ्यावरून भांडायला गेलात तर पुढची खरी तक्रारही कुणी मनावर घेत नाही.

सकाळी जॉब कार्ड बनताना घाई करू नका. त्यावर किलोमीटर, इंधनाची पातळी, तुम्ही सांगितलेल्या तक्रारी, मान्य केलेली कामं, अंदाजे खर्च आणि गाडी मिळण्याची वेळ एवढं असायलाच हवं. "जनरल चेकअप" किंवा "आवाज तपासणे व आवश्यक ते करणे" असं मोघम लिहू देऊ नका. "पुढच्या डाव्या चाकातून स्पीड ब्रेकरवर आवाज येतो, तपासून कारण व खर्च कळवणे, विचारल्याशिवाय दुरुस्ती न करणे" असं लिहायला लावा. तपासणे आणि दुरुस्त करणे यांतला फरक त्या ओळीत दिसला पाहिजे, कारण अर्धे वाद तिथेच जन्म घेतात.

मग कार्डाच्या मागची बारीक अक्षरातली कलमं वाचा. "वर्कशॉपला आवश्यक वाटेल त्या जादा कामास माझी संमती आहे" अशा अर्थाचं वाक्य तिथे असू शकतं. ते खोडा आणि शेजारी सही करा. सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा:

"एस्टिमेटबाहेरचं कोणतंही काम माझ्या व्हॉट्सॲपवरील लेखी होकाराशिवाय करू नये. बदललेले जुने पार्ट मला परत द्यावेत."

हल्ली बऱ्याच ठिकाणी टॅबवर सही घेतात किंवा ओटीपी मागतात. ओटीपी सांगणं म्हणजे सही करणंच. आधी स्क्रीन पूर्ण खाली सरकवून वाचा, मग सांगा. टॅबवर लिहायला जागा नसेल तर वरच्या दोन ओळी ॲडव्हायझरच्या नंबरवर तिथेच उभं राहून पाठवा आणि जॉब कार्डाची पीडीएफ त्याच चॅटमध्ये मागवून घ्या. निघण्याआधी ओडोमीटर, इंधनाचा काटा, गाडीच्या चारही बाजू, डिकी, बॅटरीवरचा सीरियल नंबर आणि टायरच्या कडेवरचे चार आकडे यांचे फोटो काढा. ते चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष: ३२२३ म्हणजे २०२३ सालचा बत्तिसावा आठवडा. पार्ट अदलाबदलीचा संशय आलाच तर हे फोटो फार उपयोगी पडतात.

दुपारचा फोन

साधारण बारा-एकच्या सुमारास फोन येतो. तुम्ही मीटिंगमध्ये किंवा लोकलमध्ये असता. "सर, ब्रेक पॅड गेलेत, एसीचंही काम करून घेऊ का? गाडी लिफ्टवरच आहे." आणि आपल्या तोंडून निघून जातं, "बघा, काय ते करा." नंतर हाच होकार म्हणून तुमच्यासमोर येतो. तुम्ही नक्की काय म्हणालात याचा पुरावा दोघांकडेही नसतो आणि गाडी मात्र त्यांच्या ताब्यात असते.

म्हणून फोनवर होकारही देऊ नका, नकारही देऊ नका. एवढंच म्हणा, "फोटो, पार्टची किंमत आणि मजुरी व्हॉट्सॲपवर पाठवा, मी तिथेच कळवतो." ब्रेक पॅड असतील तर किती मिलिमीटर उरलेत ते विचारा. नवा पॅड साधारण दहा-बारा मिलिमीटरचा असतो आणि तीनच्या आसपास आला की बदलतात. नेमकी मर्यादा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे धरा. टायर बदलायला सांगितले तर खोबणीची खोली विचारा. मोटारीसाठी कायद्याने १.६ मिलिमीटर ही किमान मर्यादा आहे. मोजमाप विचारलं की दोनपैकी एक होतं: आकडा येतो आणि तुम्हाला निर्णय घेता येतो, किंवा ते काम तितकं तातडीचं नव्हतं असं कळतं.

उत्तर तुटक आणि स्पष्ट असू द्या. "पुढचे ब्रेक पॅड बदला, मजुरीसह ५,३१० रुपयांपर्यंत. बाकी काही नको." चुकून फोनवर बोलणं झालंच तर पाच मिनिटांत मेसेज टाका: "आत्ता आपलं बोलणं झालं. मी फक्त अमुक कामाला हो म्हटलं आहे, इतर कामांना नाही." त्याच दिवशी, त्याच तासात लिहिलेल्या अशा मेसेजला ग्राहक तक्रार निवारण आयोगापुढे वजन असतं.

काम सुरक्षिततेचं असेल आणि तुम्ही नाही म्हणालात, तर वर्कशॉप तसं जॉब कार्डवर लिहील. लिहू द्या. त्यांचाही तो बचाव आहे आणि त्यात गैर काही नाही. दुसरीकडे दाखवून लवकर काम करून घ्या.

बिल हातात आल्यावर

पैसे भरण्याआधी बिलाचा मसुदा मागा. अनेक ठिकाणी त्याला प्रोफॉर्मा म्हणतात. बाजूला बसून जॉब कार्डाशी एकेक ओळ ताडून बघा. एक उदाहरण घेऊ. ठरलेली कामं ७,२०० रुपयांची. बिल १६,९९४ रुपयांचं. जादा ओळी अशा: एसी ट्रीटमेंट १,७७०, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग १,५३४, इंजिन फ्लशिंग १,१८०, पुढचे ब्रेक पॅड मजुरीसह ५,३१०. समजा यातल्या एकालाही तुम्ही होकार दिलेला नाही.

या ९,७९४ रुपयांना सरसकट "सगळं नामंजूर" म्हणण्याआधी त्यांचे दोन भाग करा, कारण कायदा त्यांच्याकडे सारख्या नजरेने बघत नाही.

पहिल्या तीन ओळी म्हणजे सफाई. त्या मागितल्या नव्हत्या, परतही करता येत नाहीत, आणि नको म्हणायची संधी तुम्हाला मिळालीच नाही. करार कायद्याच्या कलम ७० मध्ये असं आहे की एखाद्याने फुकटात करण्याचा हेतू नसताना तुमच्यासाठी काही केलं आणि तुम्ही त्याचा लाभ घेतलात तर मोबदला द्यावा लागतो. डीलरचे वकील याच कलमाचा आधार घेतात. पण ते लागू व्हायला ती गोष्ट नाकारायची मोकळीक तुम्हाला असावी लागते. विचारलंच नाही आणि करून टाकलं, तर हा आधार लंगडा पडतो. हे ४,४८४ रुपये ठामपणे नाकारा.

ब्रेक पॅडचं वेगळं आहे. ते काढून जुने परत बसवता येतात. ते ठेवून तुम्ही गाडी चालवत राहिलात तर लाभ घेतला असं म्हणायला जागा राहते. इथे जुने पॅड बघायला मागा. ते खरोखर घासून संपलेले असतील तर माझा सल्ला असा की वाजवी किंमत मान्य करा आणि फार तर मजुरीवर बोला. खऱ्या गरजेच्या कामावर अडून बसलात तर बाकीच्या तीन ओळींवरची तुमची बाजूही कमकुवत दिसते. पॅडमध्ये अजून निम्मा जीव असेल तर फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा, आणि "जुने परत बसवून द्या किंवा ही ओळ काढा" असं सांगा.

बिलातल्या आणखी दोन गोष्टी तपासा. सुट्या भागांच्या खोक्यावर एमआरपी छापलेली असते आणि त्यात कर धरलेला असतो, त्यामुळे बिलातली पार्टची किंमत आणि जीएसटी मिळून एमआरपीच्या वर जाता कामा नये. खोकं दाखवा म्हणायला लाजू नका. दुसरं, २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी बऱ्याच भागांवर तो २८ टक्के होता. जुना दर लागलेला दिसला तर तिथेच दुरुस्त करून घ्या.

जुने पार्ट तुमच्या मालकीचे असतात. वॉरंटीत बदललेले पार्ट कंपनीकडे जातात, तो अपवाद. बाकी सगळं पिशवीत भरून मागा. "स्क्रॅपमध्ये गेले" असं उत्तर आलं तर तेही लिहून घ्या. बदलल्याचा दावा केलेला पार्ट दाखवता न येणं ही डीलरची अडचण आहे, तुमची नाही.

गेट पासची अडवणूक

"पूर्ण पैसे भरल्याशिवाय गेट पास मिळणार नाही." हे वाक्य ऐकू आलं की लोक खचतात. इथे करार कायद्याचं कलम १७० समजून घ्या. दुरुस्तीसाठी दिलेली वस्तू मेहनतान्यासाठी अडवून ठेवायचा हक्क कारागिराला आहे. पण तो वस्तू ज्या हेतूने सोपवली त्यानुसार केलेल्या कामापुरताच आहे. हिरा पैलू पाडायला दिला तर पैलू पाडण्याच्या मजुरीसाठी जवाहिऱ्याला तो ठेवून घेता येतो, असं उदाहरण त्या कलमाखालीच आहे. न सांगितलेल्या कामाच्या पैशासाठी गाडी अडवणं या हक्कात बसत नाही.

हे काउंटरवरच्या कॅशियरला सांगून उपयोग नाही. वर्क्स मॅनेजर किंवा सर्व्हिस मॅनेजरला बोलवा, बसून बोला, आणि बोलणं सुरू असतानाच हा मेसेज त्याला आणि डीलरशिपच्या ईमेलवर पाठवा:

"जॉब कार्ड क्रमांक अमुक. मान्य केलेल्या कामांचे ७,२०० रुपये मी आत्ता भरायला तयार आहे. एसी ट्रीटमेंट, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजिन फ्लशिंग आणि ब्रेक पॅड या कामांना माझी संमती घेतली नव्हती. या रकमेसाठी गाडी अडवून ठेवण्यास माझा आक्षेप आहे. संमतीचा लेखी पुरावा असल्यास याच मेसेजवर पाठवावा."

माझा अंदाज असा की बरेच वाद इथेच मिटतात. लेखी पुरावा मागितला की मॅनेजर सफाईच्या ओळी डिस्काउंट म्हणून काढून टाकतो. डिस्काउंट म्हणाला तरी हरकत नाही, अंतिम बिलात त्या दिसायला नकोत एवढं बघा.

नाहीच मिटलं तर? गाडी तिथे ठेवून घरी जाणं मला सहसा शहाणपणाचं वाटत नाही. तुमचे हप्ते सुरू राहतात, तुमची कामं अडतात आणि काही दिवसांनी पार्किंगचे पैसे लावले जातात. अशा वेळी निषेध नोंदवून पैसे भरा. रोख देऊ नका. यूपीआयने भरत असाल तर शेरा लिहायच्या जागी "अंडर प्रोटेस्ट" आणि जॉब कार्ड क्रमांक टाका. बिलाच्या दोन्ही प्रतींवर सही करताना लिहा: "९,७९४ रुपयांच्या कामांना संमती नव्हती. ही रक्कम निषेध नोंदवून, परताव्याचा हक्क राखून भरत आहे." त्यांच्या प्रतीवर लिहू देत नसतील तर तुमच्या प्रतीवर लिहा, फोटो काढा आणि गेटच्या बाहेर पडण्याआधी ईमेल करा. "काम समाधानकारक झाले" अशा छापील पावतीवर कोरी सही करू नका.

अडवणूक टोकाला गेली, धक्काबुक्की झाली, किंवा गाडीतला चांगला पार्ट काढून जुना बसवल्याचं दिसलं, तर पोलिसांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. नुसत्या बिलाच्या वादात मात्र पोलीस हा दिवाणी मामला आहे असंच सांगतील.

पहिला आठवडा

दोन-तीन दिवसांत कंपनीकडून समाधान विचारणारा फोन येतो. त्याआधी ॲडव्हायझरचा विनवणीचा फोन येतो, "सर, दहापैकी दहा द्या, नाहीतर माझा इन्सेंटिव्ह जातो." वाईट वाटतं, पण तक्रार उभी असताना दहा देऊ नका. तो आकडा तुमच्या नावावर नोंदला जातो आणि पुढे तुमच्याच विरुद्ध वापरता येतो. शांतपणे सांगा की संमतीशिवाय काम केल्याची तक्रार आहे, आणि तक्रार क्रमांक मागा.

त्याच आठवड्यात एक ईमेल लिहा. डीलरशिपच्या जनरल मॅनेजरला आणि कंपनीच्या कस्टमर केअरला, दोघांना एकाच ईमेलवर. लांबलचक कैफियत नको. तारीख, गाडीचा क्रमांक, जॉब कार्ड क्रमांक, ठरलेली रक्कम, वादातली रक्कम ओळीनिहाय, आणि मागणी: सात दिवसांत परतावा. सोबत जॉब कार्ड, बिल, व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट, पैसे भरल्याचा पुरावा. सभ्य भाषेत लिहा. हा ईमेल उद्या आयोगाचे सदस्य वाचणार आहेत असं समजूनच लिहा.

कंपनीला सोबत घेण्याला कारण आहे. डीलर आणि कंपनी कायद्याच्या दृष्टीने वेगळे व्यापारी असतात आणि डीलरच्या चुकीची जबाबदारी कंपनीवर आपोआप येत नाही. गोव्यातल्या एका ग्राहकाला २०११ चं मॉडेल हवं असताना डीलरने आधीच वापरलेली २००९ ची गाडी दिली होती. त्या प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीलरच्या कृत्याची माहिती कंपनीला होती हे सिद्ध झालं नाही म्हणून कंपनीला वगळलं. म्हणून कंपनीला सुरुवातीपासून लेखी कळवत राहा. पुढे तिला सामील पक्ष करायचं झालं तर "कळवूनही काही केलं नाही" असं निदान म्हणता येतं.

या टप्प्यावर हमखास एक धमकीवजा सूचना येते: बाहेर काम करून घेतलंत तर वॉरंटी जाईल. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात म्हटलं होतं की स्वतंत्र गॅरेजकडे गेल्यामुळे सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे बिघाड झाला असेल तर तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. कंपन्यांनी या आदेशाला वरच्या न्यायालयांत आव्हान दिलं, म्हणून त्यावर अख्खी भिस्त ठेवू नका. पण तोंडी धमकी मिळाली तर "वॉरंटीच्या कोणत्या अटीनुसार ते लेखी कळवा" एवढं नक्की विचारा.

विम्याचं काम असेल तर

अपघातानंतर गाडी डीलरकडे गेली की फसगतीची आणखी एक वाट उघडते. कोऱ्या क्लेम फॉर्मवर सही घेतली जाते आणि तुम्ही सांगितलेल्या एका बंपरसोबत दोन पॅनेलचं रंगकामही क्लेममध्ये जातं. विम्यातून होतंय तर आपलं काय गेलं, असं वाटतं. पण क्लेम झाला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, आणि पाच वर्षं विनाक्लेम असलेल्या गाडीला तो ५० टक्क्यांपर्यंत असतो. शिवाय झीरो डेप्रिसिएशन (पार्टची झीज न कापता भरपाई देणारं जादा संरक्षण) नसेल तर प्लास्टिक आणि रबरी भागांच्या किमतीतून निम्मी रक्कम तुमच्याच खिशातून जाते. त्यामुळे क्लेम फॉर्म स्वतः भरा, नुकसानीच्या प्रत्येक भागाचा फोटो ठेवा, नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरचा अहवाल मागून घ्या. संमतीशिवाय क्लेम टाकलाय असं कळलं तर त्याच दिवशी विमा कंपनीला ईमेल करा. डीलरशी भांडत बसून हे सुटत नाही.

१९१५ आणि त्याची मर्यादा

सात दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा किंवा त्यांच्या पोर्टलवर वा उमंग ॲपवर तक्रार नोंदवा. मराठीतही बोलता येतं. तक्रार क्रमांक मिळतो आणि ती कंपनीकडे पाठवली जाते. मोठ्या कंपन्या या तक्रारींना सहसा उत्तर देतात, कारण त्या सरकारी नोंदीत राहतात. पण हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, समजूत घालू शकते. शिवाय तिथे तक्रार पडून आहे म्हणून आयोगात जायची मुदत थांबत नाही. ती मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे.

मार्गदर्शन हवं असेल तर मुंबई ग्राहक पंचायत ही १९७५ पासून काम करणारी संस्था आहे, विलेपार्ल्यात तिचं ग्राहक भवन आहे. पुण्यातून सुरू झालेल्या अखिल भारतीय ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते जिल्ह्याजिल्ह्यांत भेटतात. कागद घेऊन जा, नुसती गोष्ट सांगायला जाऊ नका.

नोटीस आणि जिल्हा आयोग

आयोगात जाण्याआधी नोटीस देणं कायद्याने सक्तीचं नाही, पण द्या. वकील हवाच असं नाही. एका पानात घटनाक्रम, रक्कम, पंधरा दिवसांची मुदत, आणि त्यानंतर ग्राहक आयोगात जाऊ असं स्पष्ट वाक्य. स्पीड पोस्टने पाठवा, पोहोचल्याचा पुरावा जपा, आणि तीच ईमेलनेही पाठवा.

जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे, दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असलेली प्रकरणं जातात. पाच लाखांपर्यंत फी शून्य आहे. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या ग्राहकाला दाखल करायला एक रुपयाही फी नाही. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते. गाडी पुण्यात दाखवली आणि तुम्ही साताऱ्यात राहता, तर साताऱ्यातच दाखल करा. दाखल करायला ई-जागृती हे पोर्टल आहे. कागदी प्रतीही मागितल्या जाऊ शकतात, तेवढी चौकशी आयोगाच्या कार्यालयात करून ठेवा. महाराष्ट्रात तक्रार मराठीत लिहिली तरी चालते, आणि स्वतःची बाजू स्वतः मांडता येते.

तक्रारीत दोन शब्दप्रयोग नेमके यायला हवेत: "सेवेतील त्रुटी" आणि "अनुचित व्यापारी प्रथा". जॉब कार्डामागचं कलमच अन्यायकारक आहे असा मुख्य मुद्दा करू नका. "अनुचित करार" म्हणून केलेली तक्रार ऐकायचा अधिकार राज्य आयोगाला आहे, जिल्हा आयोगाला नाही, आणि त्या तांत्रिक मुद्द्यावर महिने वाया जातात. कलमाचा उल्लेख जरूर करा, पण मागणी सेवेतल्या त्रुटीवर उभी करा.

सोबत जोडायचे कागद: घटनांची तारीखवार यादी, जॉब कार्ड, बिल, पैसे भरल्याचा पुरावा, व्हॉट्सॲप आणि ईमेल, जुन्या पार्टचे फोटो, मॅन्युअलमधलं देखभालीच्या तक्त्याचं पान, नोटीस आणि तिची पोच, आणि प्रतिज्ञापत्र. स्क्रीनशॉट आणि फोटो यांसाठी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार लागणारं प्रमाणपत्र जोडा. मूळ फोनमधलं चॅट निकाल लागेपर्यंत पुसू नका, फोन बदलला तरी जुना ठेवा. बाहेरच्या चांगल्या मेकॅनिककडून "हे काम झाल्याची खूण दिसत नाही" किंवा "पार्ट बदलायची गरज नव्हती" असं लेखी मत मिळालं तर प्रकरण बरंच भक्कम होतं.

मागताना वादातली रक्कम, भरल्याच्या तारखेपासून व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च, एवढं मागा. दहा हजारांच्या वादात पाच लाखांची भरपाई मागितली की आयोगाचा तुमच्यावरचा विश्वास कमी होतो.

गाडी कंपनीच्या नावावर असेल तर डीलर "हा व्यावसायिक वापर, तुम्ही ग्राहकच नाही" म्हणेल. संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठीची गाडी व्यावसायिक ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलं आहे. स्वतः टॅक्सी चालवून पोट भरणाराही कायद्याच्या स्पष्टीकरणानुसार ग्राहकच आहे.

आयोगाची नोटीस मिळाल्यावर डीलरला उत्तरासाठी तीस दिवस मिळतात, फार तर आणखी पंधरा. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवलं आहे. पंचेचाळीस दिवस उलटून गेल्यावर उत्तर दाखल होत असेल तर तिथेच हरकत नोंदवा. कायद्यात तीन महिन्यांत निकाल अपेक्षित आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, आणि मधे मध्यस्थीचा प्रस्ताव येऊ शकतो. वादातली रक्कम आणि खर्च मिळत असेल तर तो स्वीकारायला माझी तरी हरकत नसेल. फक्त तडजोड आयोगापुढे लेखी नोंदवून घ्या, बाहेर चहा पीत केलेली नको.

निकाल तुमच्या बाजूने लागला तर आदेशाची प्रत बँकेच्या तपशिलासह डीलरला ईमेल आणि स्पीड पोस्टने पाठवा. अपिलासाठी त्याला पंचेचाळीस दिवस असतात आणि त्यासाठी आदेशातली निम्मी रक्कम राज्य आयोगात आधी भरावी लागते. लहान रकमेसाठी एवढं कुणी सहसा करत नाही. आदेशात दिलेली मुदत संपली, पैसे आले नाहीत आणि स्थगितीही नाही, असं दिसलं की त्याच जिल्हा आयोगात ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ आणि ७२ खाली अंमलबजावणीचा अर्ज करा. कलम ७२ मध्ये आदेश न पाळणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान पंचवीस हजार ते एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. या अर्जाची नोटीस डीलरशिपच्या मालकाच्या नावे काढायला सांगा, वर्क्स मॅनेजरच्या नव्हे.